नाशिक लोकसभा: आधी नकाशा, मग निकाल

लोकसभेच्या निकालानंतर "नाशिकने अमक्याला नाकारलं", "नाशिक तमक्याच्या पाठीशी" अशा मथळ्यांचा पाऊस पडतो. यातलं नाशिक नेमकं कोणतं, हे विचारलं की बऱ्याच जणांची गडबड होते. नाशिक जिल्हा, नाशिक शहर आणि नाशिक लोकसभा मतदारसंघ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या रेषा एकमेकींना सतत छेदत जातात, आणि निकालाचे अंदाज फसतात ते बहुतेक वेळा याच रेषांमुळे.

जिल्ह्यात पंधरा तालुके आणि पंधरा विधानसभा मतदारसंघ आहेत. आकडा सारखा असला तरी एक तालुका म्हणजे एक मतदारसंघ असं मुळीच नाही. राज्याच्या यादीत ११३ ते १२७ हे क्रमांक नाशिक जिल्ह्याचे, नांदगावपासून सुरू होऊन इगतपुरीला संपणारे. हे पंधरा तीन लोकसभांमध्ये वाटलेत. सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी हे सहा नाशिक लोकसभेत. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे सहा दिंडोरी लोकसभेत. उरलेले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण धुळे लोकसभेत, धुळे जिल्ह्यातल्या तीन मतदारसंघांबरोबर.

म्हणजे बाहेरच्याला 'नाशिक' म्हटलं की जे आठवतं, त्यातलं बरंच काही नाशिक लोकसभेत नाहीच. लासलगावचा कांदा बाजार दिंडोरीत आणि पिंपळगाव बसवंतही दिंडोरीतच. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षबागा, ओझरचा विमानं बनवणारा एचएएलचा कारखाना, वणीची सप्तशृंगी, सगळं दिंडोरी लोकसभेत. 'नाशिक विमानतळ' म्हणून आपण जिथे उतरतो, तोही दिंडोरीच्याच खासदाराच्या मतदारसंघात. उलट त्र्यंबकेश्वर नाशिक लोकसभेत येतं, त्यामुळे सिंहस्थाची दोन्ही ठिकाणं, रामकुंड आणि कुशावर्त, एकाच मतदारसंघात आहेत. कांदा निर्यातबंदीचा राग नाशिक लोकसभेत किती उमटला, असा प्रश्न निवडणुकीत हमखास चर्चेला येतो. कांदा सिन्नरमध्येही पिकतो, हे खरं. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर येवला, निफाड, चांदवडच्या बूथवर शोधायला हवं. ते आकडे दिंडोरीच्या निकालात जातात.

तालुक्याच्या आत शिरलं की आणखी गंमत कळते. लासलगाव निफाड तालुक्यात, पण विधानसभेला मतदान येवल्यासाठी. सिन्नर विधानसभेत पूर्ण सिन्नर तालुका आहेच, शिवाय इगतपुरी तालुक्यातलं टाकेद महसूल मंडळ जोडलेलं आहे. म्हणजे सर्वतीर्थ टाकेदच्या माणसाचा सातबारा इगतपुरी तहसीलचा आणि आमदार सिन्नरचा. इगतपुरी विधानसभेत उरलेला इगतपुरी तालुका आणि अख्खा त्र्यंबकेश्वर तालुका येतो. 'इगतपुरी तालुक्याचं मतदान' आणि 'इगतपुरी मतदारसंघाचं मतदान' हे दोन वेगळे आकडे आहेत. वर्तमानपत्रांत ते सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात.

शहराचे तीन तुकडे २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत झाले. त्याआधी 'नाशिक' नावाचा एकच विधानसभा मतदारसंघ होता. आता पंचवटी आणि नाशिकरोडचा बराच भाग पूर्वमध्ये, जुनं नाशिक आणि गंगापूर रोडकडचा भाग मध्यमध्ये, सिडको, सातपूर आणि अंबडचा कामगार पट्टा पश्चिममध्ये. महापालिका हद्दीचा काही भाग देवळालीतही आहे, छावणी आणि भगूरच्या सोबतीने. देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव, इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव. पण लोकसभेला नाशिक खुला आणि दिंडोरी जमातींसाठी राखीव. हे आरक्षण विधानसभा आणि लोकसभा अशा दोन पातळ्यांवर स्वतंत्रपणे ठरतं. जमातींच्या जागा जिथे त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण सर्वाधिक तिथे जातात. जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून द्यायच्या, असं कायदाच सांगतो. जुना मालेगाव हा जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ २००८ मध्ये गेला आणि दिंडोरी जन्माला आला. हरिश्चंद्र चव्हाण २००४ ला मालेगावचे खासदार होते आणि २००९ ला दिंडोरीचे, ते यामुळेच.

आता इतिहास. १९५७ ला नाशिकने दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं. काळाराम मंदिर सत्याग्रहाचा हा नेता शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा उमेदवार होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेस इथे हरली. १९६२ ला काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे निवडून आले. पुढे १९६३ ची पोटनिवडणूक. चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते आणि त्यांना लोकसभेची जागा हवी होती. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण म्हणतो, त्या सह्याद्रीला बिनविरोध निवडून दिलं ते नाशिकने. १९६७ आणि १९७१ ला भानुदास कवडे लागोपाठ दोनदा जिंकले.

त्यानंतर जे झालं ते महाराष्ट्रात क्वचितच कुठे झालं असेल. १९७७ विठ्ठलराव हांडे, १९८० प्रताप वाघ, १९८४ मुरलीधर माने, १९८९ दौलतराव आहेर, १९९१ वसंत पवार, १९९६ राजाराम गोडसे, १९९८ माधवराव पाटील, १९९९ उत्तमराव ढिकले, २००४ देविदास पिंगळे, २००९ समीर भुजबळ. दहा निवडणुका, दहा खासदार. शेकाप, काँग्रेस, भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी सगळ्यांना पाळी मिळाली, पण तोच खासदार दुसऱ्यांदा निवडून आला नाही. नाशिककर खासदाराला दुसरी टर्म देत नाहीत, हे वाक्य इथे म्हणीसारखं वापरलं जायचं. २०१४ ला हेमंत गोडसे आले आणि २०१९ ला तेच पुन्हा आले, तेव्हा ती साखळी तुटली.

२००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुका एकाच हद्दीत झाल्या. त्यामुळे तुलना करायची ती या चारांचीच. २००४ चे आकडे २००९ शेजारी ठेवून 'अमक्या पक्षाची मतं इतकी वाढली' असं म्हणणं म्हणजे वेगळ्या मापाने मोजलेलं कापड जोडणं.

२००९ मध्ये समीर भुजबळांना सुमारे २ लाख ३८ हजार मतं मिळाली, मनसेच्या हेमंत गोडसेंना २ लाख १६ हजारांच्या वर, आणि शिवसेनेचे दत्ता गायकवाड तिसरे. फरक जेमतेम बावीस हजारांचा. सहा महिन्यांतच शहरातले तिन्ही विधानसभा मतदारसंघ मनसेने जिंकले. लोकसभेचा निकाल विभागवार पाहिलेल्यांना त्याची चाहूल आधीच लागली होती. २०१४ ला गोडसे शिवसेनेतून उभे राहिले आणि छगन भुजबळांना १ लाख ८७ हजारांनी हरवलं. २०१९ ला त्यांनी समीर भुजबळांवर २ लाख ९२ हजारांची आघाडी घेतली. त्या वेळी सिन्नरचे माणिकराव कोकाटे अपक्ष होते. त्यांना १ लाख ३४ हजार मतं पडली, त्यातली मोठी मतं सिन्नरची. तरीही डिपॉझिट गेलं, कारण ते राखायला एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, आणि सव्वाअकरा लाखांच्या आसपास मतदान झालं तर तो आकडा पावणेदोन लाखांच्याही पुढे जातो.

२०२४ ला मतदान २० मे रोजी, पाचव्या टप्प्यात झालं. ठाकरे गटाच्या शिवसेनेचे राजाभाऊ वाजे यांना ६,१६,७२९ मतं मिळाली, शिंदे गटाच्या गोडसेंना ४,५४,७२८. फरक १,६२,००१. आता हा फरक सहा तुकड्यांत मोडून पाहा. वाजे सिन्नरचे माजी आमदार, आणि एकट्या सिन्नरने त्यांना सव्वा लाखाच्या पुढे लीड दिलं. उरलेल्या पाच मतदारसंघांची गोळाबेरीज केली तर हातात चाळीस हजारांच्या आतच काही उरतं. "नाशिकने कौल दिला" यापेक्षा "सिन्नर आपल्या माणसामागे उभं राहिलं" हे वाक्य त्या निकालाला जास्त लागू पडतं. २०१९ मध्येही सिन्नरने तेच केलं होतं, फक्त तेव्हा माणूस अपक्ष होता. याच सिन्नरमध्ये २०१९ च्या विधानसभेला कोकाटेंनी वाजेंना सुमारे दोन हजार मतांनी हरवलं होतं, यावरून तिथली चुरस किती बारीक असते ते कळावं. आणि नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेला सहाच्या सहा जागा महायुतीकडे गेल्या, सिन्नरसुद्धा.

शेजारी धुळ्यात त्याच वर्षी हेच आणखी ठळक दिसलं. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या, आणि मालेगाव मध्यने त्यांना दिलेलं लीड जवळपास दोन लाखांचं होतं. बाकीचे पाचही मतदारसंघ विरोधात, आणि एका तुकड्याने ते भरून काढलं.

मतदारांच्या संख्येचाही हिशेब हवा. २०२४ ला नाशिक लोकसभेत साधारण वीस लाख मतदार होते आणि मतदान ६१ टक्क्यांच्या आसपास. पण सरासरी फसवते. शहरातले तिन्ही मतदारसंघ ६० च्या खाली राहिले आणि इगतपुरी ७० च्या वर गेलं. नाशिक पश्चिमची यादी साडेचार लाखांच्या पुढे, इगतपुरीची तीन लाखांच्या आत. कागदावर पश्चिमचं वजन दीडपटीहून जास्त, प्रत्यक्ष पेटीत ते सव्वापटीवर येतं. शहरावर भिस्त ठेवणाऱ्या पक्षाचं गणित इथेच कोलमडतं. दुसरं कारण म्हणजे हद्द २००१ च्या जनगणनेवर आखलेली आहे. त्यानंतर सिडको, पाथर्डी फाटा, अंबडकडे वस्ती किती वाढली ते डोळ्यांना दिसतं. पण ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत जागांचं राज्यवार वाटप गोठवलेलं आहे.

स्वतः आकडे तपासायचे असतील तर फॉर्म २०, म्हणजे मतांचं केंद्रनिहाय निकालपत्रक, उघडा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो, लोकसभेसाठी प्रत्येक विधानसभा विभागाचा वेगळा. डावीकडे केंद्र क्रमांक, मग एकेका उमेदवाराची मतं, मग वैध मतांची बेरीज, नोटा (यापैकी कुणीही नाही), एकूण. तीन ठिकाणी लोक अडखळतात. पहिलं, टपाली मतं केंद्रनिहाय ओळींत नसतात, शेवटी वेगळी येतात. सहा विभागांची बेरीज अंतिम निकालाशी जुळत नाही, ती याचमुळे. दुसरं, केंद्र क्रमांक दर निवडणुकीला तोच राहत नाही. २०२४ पर्यंत एका केंद्रावर सुमारे दीड हजार मतदारांची मर्यादा होती, ती ओलांडली की केंद्र फोडतात आणि पुढचे क्रमांक सरकतात. २०१९ चं केंद्र क्र. १२० आणि २०२४ चं केंद्र क्र. १२० ही एकच शाळा असेल असं धरू नका. शाळेचं नाव आणि यादी भागातल्या वस्त्यांची नावं जुळवून घ्या. तिसरं, नोटा वैध मतांत धरायचं नाही. डिपॉझिटचा हिशेब तिथेच चुकतो.

आणि स्वतःच्या नावाचं. मतदार यादी लोकसभेची नसते, ती विधानसभानिहाय आणि यादी भागानुसार, म्हणजे काही वस्त्यांच्या एकेका तुकड्यानुसार, बनते. सिडको-सातपुरात कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशातून आलेली हजारो घरं आहेत. गावी एक नाव, इथे एक नाव, असा प्रकार तिथे जुना आहे. घर बदललं की पुष्कळ जण पुन्हा फॉर्म ६ भरतात. तो फक्त नव्या मतदारासाठी आहे. पंचवटीतून पाथर्डी फाट्याला गेलात, किंवा सटाण्याहून सातपूरला आलात, दोन्ही वेळा फॉर्म ८ भरायचा, म्हणजे जुनं नाव निघून नव्या जागी लागतं. दोन ठिकाणी नाव ठेवून खोटं निवेदन दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. नव्या नोंदणीसाठी वर्षात चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण आहेत का ते पाहण्याच्या तारखा, आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादी गोठते, आणि मतदानाच्या सकाळी केंद्रावर बीएलओशी (यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याशी) कितीही वाद घातला तरी त्या दिवशी नाव घालता येत नाही. ओळखपत्र हातात आहे म्हणजे यादीत नाव आहेच असं नसतं. निवडणूक जाहीर होण्याआधी १९५० वर फोन करून किंवा निवडणूक आयोगाच्या ॲपवर आपला यादी भाग आणि अनुक्रमांक पाहून ठेवा. त्याच पानावर विधानसभेचं आणि लोकसभेचं नावही छापलेलं असतं.