फोर्मिगा : मैदानाच्या मधोमध सव्वीस वर्षे

२६ नोव्हेंबर २०२१ रोजी मी भल्या सकाळी उठून भारताच्या महिला फुटबॉल संघाचा सामना पाहिला होता. ब्राझीलमधील मनाउस या ॲमेझॉनकाठच्या शहरात तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलच्या डेबिन्याने गोल केला आणि आता किती गोल खावे लागणार याची धास्ती बसली, तोच आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने डाव्या बाजूने मुसंडी मारून बरोबरी साधली. हातातला चहा निवून गेला तरी त्याचे भान राहिले नाही. पुढे ब्राझीलने ६-१ असा विजय मिळवला, त्यात आश्चर्य काहीच नव्हते. मी टीव्हीसमोर बसून राहिले होते ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. शेवटची साधारण पंधरा मिनिटे उरली असताना ब्राझीलची आठ नंबरची जर्सी घातलेली त्रेचाळीस वर्षांची खेळाडू बदली म्हणून मैदानात उतरली. देशासाठीचा तो तिचा शेवटचा सामना होता, आणि समोर आपला संघ होता.

तिचे नाव मिराइल्देस मासिएल मोता. जग तिला फोर्मिगा म्हणून ओळखते. पोर्तुगीज भाषेत फोर्मिगा म्हणजे मुंगी. स्वतःपुरते न खेळता संघासाठी राबण्याच्या तिच्या सवयीवरून हे नाव तिला लहानपणीच चिकटले. ३ मार्च १९७८ रोजी बाहिया राज्यातील साल्वाडोर शहरात तिचा जन्म झाला, त्या दिवशी ब्राझीलमध्ये स्त्रियांनी फुटबॉल खेळणे हा कायद्याचा भंग होता. जेतुलिओ वर्गास यांच्या राजवटीत १९४१ साली निघालेल्या हुकुमाने ‘स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत’ खेळांवर बंदी घातली होती. ती १९७९ साली उठली, आणि महिला फुटबॉलला रीतसर नियम मिळायला १९८३ उजाडले. फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणाऱ्या देशाने आपल्या अर्ध्या लोकसंख्येला जवळजवळ चार दशके चेंडूपासून दूर ठेवले, ही गोष्ट ब्राझीलचे गोडवे गाताना आपण सोयीस्करपणे विसरतो. बंदी उठली तरी घरोघरचे मत काही हुकुमासरशी बदलत नाही. फुटबॉल खेळते म्हणून भावांच्या हातचा मार खाल्ल्याचे फोर्मिगाने स्वतःच सांगितले आहे.

१९९५ साली स्वीडनमधील विश्वचषकात ती खेळली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या काळी ब्राझीलच्या मुलींना पुरुष संघाच्या उरलेल्या, अंगावर लोंबणाऱ्या जर्सी घालाव्या लागत. पुढच्याच वर्षी अटलांटामध्ये महिला फुटबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला आणि ती तिथेही होती. तेव्हापासून टोकियोपर्यंत सात ऑलिंपिक स्पर्धा झाल्या आणि सातही ती खेळली. पुरुष वा महिला, अन्य कोणत्याही फुटबॉलपटूला हे जमलेले नाही. विश्वचषकही सात, १९९५ ते २०१९. याचा हिशेब मी माझ्यापुरता असा मांडते की मनाउसमध्ये ब्राझीलवर गोल करणारी मनीषा २००१ साली जन्मली, त्याआधीच फोर्मिगाचे दोन विश्वचषक आणि दोन ऑलिंपिक होऊन गेले होते.

मात्र केवळ आकडे मोजत बसले की ती खेळायची कशी हे बाजूलाच राहते. ब्राझीलमध्ये तिच्या जागेवर खेळणाऱ्याला ‘वोलान्ते’ म्हणतात, म्हणजे बचावफळीच्या पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याच्या चाली तोडणारा आणि तिथूनच आपल्या संघाची चाल सुरू करून देणारा मिडफिल्डर. हे काम गोलफलकावर दिसत नाही. दोन्ही बाजूंचे बचावपटू वर गेले की मागे पडलेले खिंडार कोणीतरी बुजवावे लागते. मार्ताने, म्हणजे ब्राझीलच्या आक्रमणातल्या सर्वांत मोठ्या ताऱ्याने, चेंडू गमावला की तो परत मिळवून पुन्हा मार्ताच्याच पायाशी द्यावा लागतो. चेंडू येण्याआधी मान वळवून डावी-उजवीकडे पाहून घ्यायचे आणि तो आल्यावर एका स्पर्शात पुढे द्यायचा, यातच तिचे निम्मे कसब होते. धावण्याचा वेग वयाबरोबर ओसरतो, ही नजर ओसरत नाही. तिची कारकीर्द इतकी लांबली त्याचे एक कारण मला यात दिसते.

याच नजरेचा नमुना पाहायचा असेल तर २०१५ चा मॉन्ट्रियलमधील दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना पाहावा. कोरियाच्या बचावपटूने मागे दिलेला पास जरासा कमजोर निघाला. तो कमजोर आहे हे इतरांच्या लक्षात येईपर्यंत फोर्मिगा त्या वाटेवर निघालेली होती. तिने चेंडू अलगद हेरला आणि पुढे आलेल्या गोलरक्षिकेला चुकवून जाळ्यात धाडला. सदतिसाव्या वर्षी केलेल्या त्या गोलने ती महिला विश्वचषकात गोल करणारी सर्वांत वयस्क खेळाडू ठरली. त्याच सामन्यात मार्ताने पेनल्टीवर विश्वचषकातील आपला विक्रमी पंधरावा गोल केला, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे मथळे अर्थातच मार्ताचे होते.

मोठी पदके हातातोंडाशी येऊन निसटली. २००४ साली अथेन्समध्ये आणि २००८ साली बीजिंगमध्ये ब्राझील अंतिम फेरीत पोहोचले आणि दोन्ही वेळा अतिरिक्त वेळेत अमेरिकेकडून एका गोलने हरले. २००७ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत त्याच अमेरिकेचा ४-० असा धुव्वा उडवला, पण अंतिम सामन्यात जर्मनीने २-० अशी मात केली. २०१६ मध्ये रिओत, माराकानाच्या खच्चून भरलेल्या मैदानावर, उपांत्य सामना पेनल्टींवर स्वीडनकडे गेला. क्लबच्या पातळीवर तिने स्वीडन, अमेरिका, फ्रान्स असा प्रवास केला. ब्राझीलच्या साओ जोझे क्लबसोबत कोपा लिबेर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकी क्लबांची स्पर्धा तीनदा जिंकली. पॅरिस सेंट-जर्मेनने २०२०-२१ मध्ये लियोंची सलग चौदा विजेतेपदांची मालिका मोडून फ्रेंच लीग पटकावली, त्या संघातही त्रेचाळीस वर्षांची फोर्मिगा होती.

इथे मला एक अप्रिय मुद्दा मांडायचा आहे. तिच्या दीर्घ कारकिर्दीचे कौतुक करताना सारे तिच्या तंदुरुस्तीबद्दल बोलतात, आणि ते खरेही आहे. पण ती इतकी वर्षे खेळली यात ब्राझीलच्या फुटबॉल व्यवस्थेचे अपयशही दडलेले आहे. रिओनंतर तिने निवृत्ती जाहीर केली होती. डिसेंबर २०१६ मध्ये निरोपाचा सामनाही झाला, तोही मनाउसमध्येच. २०१८ साली प्रशिक्षक वादाओ यांनी तिला परत बोलावले, कारण तिची जागा घेईल असे कोणी तयारच झाले नव्हते. ज्या देशात मुलींसाठी क्लबांचे संघ एका हंगामात निघत आणि दुसऱ्यात बंद होत, तिथे नवी वोलान्ते घडणार तरी कुठे?

२०१९ च्या फ्रान्समधील विश्वचषकाने हे उघडे पाडले. ग्रेनोब्लमध्ये जमैकाविरुद्ध उतरताना ती एकेचाळीस वर्षांची होती, महिला विश्वचषकातील सर्वांत वयस्क खेळाडू. पुढचा सामना माँपेलिएमध्ये ऑस्ट्रेलियाशी होता. ब्राझील २-० असे पुढे गेले, मध्यंतराआधी ऑस्ट्रेलियाने एक गोल परतवला, आणि मध्यंतरात फोर्मिगा व मार्ता दोघींनाही बाहेर बसवण्यात आले. उत्तरार्धात मैदानाचा मधला पट्टा अक्षरशः मोकळा पडल्यासारखा वाटत होता. ब्राझीलने सामना २-३ असा गमावला. दोन पिवळ्या कार्डांमुळे तिसऱ्या सामन्याला ती नव्हतीच. पुढे फ्रान्सने ब्राझीलला स्पर्धेबाहेर काढले तेव्हा मार्ता कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून देशातील मुलींना सांगत होती की फोर्मिगा कायमची असणार नाही, मार्ताही नाही आणि आघाडीची खेळाडू क्रिस्तियाने हीसुद्धा नाही. त्या यादीत तिने पहिले नाव फोर्मिगाचे घेतले, हे माझ्या मनात राहिले.

त्यानंतरही दोन वर्षे ती खेळली. टोकियोत कॅनडाने उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टींवर हरवले, आणि मग चार महिन्यांनी मनाउसची ती रात्र आली. आपला संघ तिथे गेला होता तो पुढच्या जानेवारीत नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात होणाऱ्या आशियाई चषकाच्या तयारीसाठी. (नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये करोनाने त्या तयारीचे काय केले, हा वेगळा आणि दुखरा विषय आहे.) त्या पंधरा मिनिटांत फोर्मिगाने डोळे दिपवणारे काही केले नाही. तिने चेंडू मागितला, मान वळवली, जवळच्या खेळाडूला दिला आणि पुन्हा मागितला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉल प्रथमच तिच्याशिवाय खेळले गेले. ब्राझील अंतिम फेरीत पोहोचले, समोर पुन्हा अमेरिकाच होती. सत्तावन्नाव्या मिनिटाला अमेरिकेच्या कॉर्बिन अल्बर्टने मधल्या फळीतून एक पास सोडला, मॅलरी स्वॉन्सन त्यावर धावली आणि सामन्यातला एकमेव गोल झाला. ब्राझीलला तिसरे रौप्यपदक मिळाले. बक्षीस समारंभ सुरू झाला तेव्हा मी चित्रण मागे नेऊन तो पास पुन्हा पाहत होते. अल्बर्टच्या अंगावर त्या क्षणी कोणीच आलेले नव्हते.