अंधारातली वीस मिनिटं
आज पहिल्यांदा रक्ताचा नमुना मी एकटीनं रंगवला. 100 मायक्रोलिटर रक्तात अँटिबॉडी घातल्या, म्हणजे ठराविक पेशींनाच चिकटणारी, चमकता रंग लावलेली प्रथिनं. सीडी3 ही टी पेशींवरची खूण, सीडी19 ही बी पेशींवरची; दोन्ही पांढऱ्या रक्तपेशीच. सीडी3 वाली हिरवी चमकणारी, सीडी19 वाली केशरी. मग नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून 20 मिनिटं अंधारात, कारण उजेडानं हे रंग विटतात. बाहेर कोल्हापूरचा पाऊस झोडपत होता, माझं सगळं लक्ष घड्याळाकडं.

फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या मशीनमध्ये पेशी एकामागोमाग एक, 488 नॅनोमीटरच्या निळ्या लेझरसमोरून जातात. पडद्यावर दर पेशीमागं एक असे ठिपके साठत गेले आणि टी पेशींचा पुंजका बी पेशींपासून अगदी सुटा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी या दोन्ही सारख्याच दिसतात हो! अंगावर काटा आला.

रंकाळ्याच्या कडेनं भिजत घरी आले, आईला फोटो दाखवला. म्हणाली, "ठिपक्यांची रांगोळीच की गं ही!"