येऊरच्या पायवाटेवर मानसचे गेंडे

आसामातल्या मानस राष्ट्रीय उद्यानातून ठाण्याला परतून आठवडाही झाला नव्हता, तोच आमच्या सोसायटीतल्या काकांनी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फिरायला येण्याचा आग्रह धरला. त्यामागचा हेतू मी ओळखून होतो. बँकेच्या नोकरीत त्यांची बदली एकदा मानसजवळच्या बारपेटा रोड या गावी झाली होती आणि १९८६ च्या हिवाळ्यात, म्हणजे मानसला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी, त्यांनी मानसमध्ये गेंडे पाहिले होते. पुढे स्वतंत्र बोडोलँडसाठी बोडो जमातीचे आंदोलन पेटले, वनचौक्या जळाल्या, रक्षक मारले गेले आणि शंभराच्या आसपास असलेल्या गेंड्यांपैकी एकही उरला नाही.

"मग तू पाहिलास तो गेंडा आला कुठून?" फाटकावर नोंद करून शंभर पावलेही चाललो नसू, तोच काकांनी विचारले.

खरे तर मानसच्या बांसबाडी फाटकातून जीप आत शिरली, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. वनखात्याने नुकतेच गवत जाळले होते आणि त्या काळ्या राखेतून हिरवे कोंब वर आले होते. वाटाड्या बोडो तरुण होता. त्याने जीप थांबवली ती एका शेणाच्या ढिगापाशी. गेंडे पुन्हा पुन्हा एकाच जागी शेण टाकतात, म्हणूनच चोरटे शिकारी पूर्वी अशा ढिगापाशी दबा धरून बसत, असे त्याने सांगितले. त्याच्या गावचे काही जण स्वतः शिकारी होते, आणि सरकार व बोडो बंडखोर यांच्यातल्या २००३ च्या करारानंतर बंदुका खाली ठेवून तेच जंगल राखू लागले. हे सांगताना त्याच्या आवाजात ना लाज होती ना बढाई.

मला वाटते, मानसची खरी गोष्ट प्राणी परत आले एवढ्यावर संपत नाही. हत्ती आणि वाघ यांना पाठीमागे भूतानच्या रॉयल मानस उद्यानाचा आसरा होता, त्यामुळे इकडे शांतता झाल्यावर त्यांना नदी ओलांडून येता आले. गेंड्याला मात्र सपाटीवरचे गवत आणि पाणथळ जागा लागते. तशी जागा बहुतांशी भारताच्या बाजूला, गावांना लागून होती, आणि बंदुकाही नेमक्या तिथेच होत्या. त्यामुळे गेंडे आणावेच लागले. २००८ च्या एप्रिलमध्ये आसामातल्याच पोबितोरा अभयारण्यातून पहिले दोन नर गळ्यात रेडिओ पट्टे बांधून ट्रकने मानसला आले. पोबितोरा चाळीस चौरस किलोमीटरपेक्षाही लहान असूनही गेंड्यांनी गच्च भरलेले आहे. २०१२ पर्यंत तिथून आणि काझीरंगातून मिळून अठरा गेंडे मानसमध्ये सोडले गेले. त्यांतले काही शिकाऱ्यांनी पुन्हा मारले, हेही सांगायला हवे. कारण १९९२ मध्ये 'धोक्यातील वारसास्थळ' असा लागलेला शिक्का २०११ मध्ये पुसला गेल्याचे ऐकले की सगळे सुरळीत पार पडले असे वाटू लागते.

बोलता बोलता आम्ही पाड्याच्या पुढे आलो. काका ओढ्याकाठच्या दगडावर टेकले. येऊरला बंदुकांचा इतिहास नाही, इथला धोका आहे तो इमारतींचा. पण जंगलाला लागून राहणाऱ्यांना त्यातून काय मिळते हा प्रश्न इथल्या पाड्यांवरही तसाच उभा आहे, असे ते म्हणाले. मीही मान डोलावली आणि मोबाईलवरचे छायाचित्र काढून त्यांच्यापुढे धरले.

छायाचित्र फारसे चांगले नाही. उंच गवत, त्यातून वर आलेली पाठ, एक कान आणि मानेचा थोडा भाग, एवढेच. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि बराच वेळ मानेपाशीच रेंगाळले.

"पट्टा नाही," ते म्हणाले. "म्हणजे हा मानसातच जन्मलेला?"

"तसे नाही सांगता येणार, काका. जुने पट्टे केव्हाच गळून पडले असतील."

"तरी पण," असे म्हणून त्यांनी चित्र आणखी मोठे केले.