लाइम रेजिस ते चार्माउथ : भरतीची वेळ पाहिल्याशिवाय निघू नका

"सोपी वाट आहे, पाऊण तासात पोचाल," असं आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकांनी सांगितलं. साफ चुकीचं! इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची ही दोन गावं, मधली वाट पुळणीवरून. अंतर जेमतेम 3 किमी, पण बराचसा रस्ता निसरड्या गोट्यांवरून. ब्लॅक व्हेनच्या कड्याखाली तर दरडीचा काळा चिखल पार पुळणीपर्यंत आलेला. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की घोट्याच्या वर आत. भरतीला पाणी थेट कड्याला भिडतं, वर चढून सुटायला जागा नाही. शेवटी लाटा बुटांना लागल्या तेव्हा आम्ही अक्षरशः पळत सुटलो. अजून राग गेलेला नाही.

ओहोटी लागली की निघा आणि पाणी परत चढायच्या आत चार्माउथ गाठा. कड्याच्या पायथ्याशी डबा उघडून बसू नका. लहान मुलं असतील तर बसनेच जा.

जीवाश्म मिळतात तेही याच दरडींमुळे. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ कोसळतो, लाटा तो धुऊन काढतात. 1811 मध्ये लाइमच्याच, पुढे जीवाश्मांसाठी नावाजलेल्या मेरी ॲनिंगच्या भावाला इथे इख्थिओसॉरची (माशासारखा दिसणारा प्राचीन सागरी सरीसृप) कवटी सापडली, पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा मेरीने शोधला, वय बारा-तेरा! 1823 मध्ये तिने प्लेसिओसॉर हा दुसरा सागरी सरीसृप काढला, त्याची मान इतकी लांब की कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो बनावट वाटला. 1833 मध्ये तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला. तरी आजही लोक कड्याला हातोडी लावतात. पुळणीवर सुटं पडलेलं शोधा, तेवढं पुरतं.

मला इख्थिओसॉरचा मणका मिळाला. काळाभोर, दोन्ही बाजूंनी खोलगट. उभा चिरला तर डमरूच. वाटतो माशाचा, पण प्राणी सरपटणारा. पूर्वज जमिनीवरचे, पुढे पायांची वल्ही झाली, शेपटी माशासारखी झाली. श्वास मात्र शेवटपर्यंत फुप्फुसांनीच, आणि पिल्लं जन्मायची ती पाण्यातच. तो मणका तळहातावर आला आणि सगळा शीण उतरला.

लंडनच्या वॉटर्लूहून ॲक्समिन्स्टरपर्यंत रेल्वे, पुढे बस. लाइमच्या मोन्मथ बीचचे प्रचंड ॲमोनाइट (गुंडाळीसारख्या शंखांचे जीवाश्म) खडकातच आहेत, ते फक्त बघायचे. दुकानातले चकचकीत ॲमोनाइट कुठले ते विचारूनच घ्या. आम्हाला भरमसाट भावात दाखवलेला मादागास्करचा निघाला. एकच दिवस हाताशी असेल तर इथे येऊच नका. त्यापेक्षा लंडनमध्येच बघा: मेरीचा प्लेसिओसॉर तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये भिंतीवर आहे, प्रवेश फुकट.