पांढऱ्या कुर्त्यावरचे गंजाचे डाग

रत्नागिरीत पावसाळ्यात आमचे कपडे पडवीतच वाळतात. तिथल्या तारेवरचं प्लास्टिक कधीच सोलवटलंय, आणि आषाढात ओला कपडा वाळता वाळत नाही. यंदा ह्यांच्या पांढऱ्या सुती कुर्त्याच्या पाठीवर तारेची आडवी तांबूस रेघ उमटली. खांद्यापाशी चिमट्यांच्या स्प्रिंगांचे गडद ठिपके पडले, ते वेगळेच.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ब्लीच टाका, लगेच जाईल." ते मी टाळलं. गंज म्हणजे हवा-पाण्याने खाल्लेलं लोखंड. ब्लीचने तो निघत नाही, उलट पक्का बसतो. साबणाचंही तेच, तो तेलकट मळ सोडवतो, लोखंडापुढे त्याचं काही चालत नाही. गंज विरघळायला आंबटच लागतं.

आधी लिंबू-मीठ. डागावर मीठ पसरायचं, वर लिंबू पिळायचं आणि उन्हात ठेवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आषाढात ऊन आणायचं कुठून? म्हणून पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, कुर्त्याचा डागाचा भाग वर ताणून धरला आणि वाफ लागत असताना लिंबू पिळत राहिले. हात भाजू नये म्हणून कापड कडेलाच धरावं लागतं. रेघेच्या कडा पुसट झाल्या, मधला भाग मात्र तसाच.

मग किराणा दुकानातून लिंबूफूल आणलं. हेच ते सायट्रिक ॲसिड, लिंबाच्या रसापेक्षा पुष्कळ जोरकस. कपभर गरम पाण्यात चमचाभर विरघळवलं, डाग त्यात बुडवला आणि अर्ध्या तासाने बोटांनी हलकेच चोळला. पाणी पिवळसर झालं तेव्हा बरं वाटलं, लोखंड कापडातून पाण्यात उतरायला लागलं होतं. पाणी बदलून पुन्हा तेच केलं आणि रेघ गेली.

ठिपके मात्र हटेनात. तेव्हा आमच्या मावशींनी परसातल्या बिलंब्या, म्हणजे छोटी आंबट फळं, काढून दिल्या. बिलंबीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते गंजाला चांगलंच लागू पडतं. तांब्याची भांडी मावशी तिनेच घासतात. बिलंबी ठेचून रस ठिपक्यांवर लावला, थोड्या वेळाने धुतला, परत लावला. अगदी निरखून पाहिलं तर अंधुक खूण दिसते, पण ह्यांनी काही ती पाहिलेली नाही. हेच ऑक्झॅलिक ॲसिड पावडरच्या रूपातही विकत मिळतं, पण ती विषारी असते. घरात लहान मुलं असताना मला ती नको होती.

दोन गोष्टी मात्र जपल्या. आंबट लावलेला कपडा तसाच वाळू दिला नाही. सुती धागा त्याने कमकुवत होतो, म्हणून भरपूर पाण्याने खळबळून मगच नेहमीसारखा धुतला. आणि आंबट लावलेल्या कपड्याजवळ ब्लीच आणलंच नाही, कारण दोन्ही एकत्र आली की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

रंगीत कपड्यांना हा सगळा खटाटोप चालेलच असं नाही. माझ्या जांभळ्या ब्लाउजवरही तोच डाग होता. आतल्या शिवणीवर लिंबूफुलाच्या पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तर तिथला रंगच फिका पडला. डाग काखेखाली आहे, पदर घेतला की दिसत नाही. तो तसाच ठेवलाय.