स्वरतंतूंवरच्या गाठी आणि माझे शिकवणे

सकाळी रियाज, दुपारपासून रात्री आठपर्यंत शिकवण्या आणि अधूनमधून एखादी मैफल, असे माझे दिवस दोन वर्षे चालले होते आणि सव्विसाव्या वर्षी एवढे काम मिळते याचा मला मनापासून आनंद होता. आवाज बिघडल्याची पहिली खूण बोलण्यात दिसलीच नाही. तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, जोरकस लावला तर स्वच्छ लागे. परंतु तोच हळुवार लावायला गेले, की आधी नुसती हवा येई आणि क्षणभराने नाद उमटे. थकवा असेल असे समजून मी रियाज वाढवला, ही माझी मोठी चूक होती.

शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्ट्रोबोस्कोपी केली. या तपासणीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची कंपने पडद्यावर संथ झालेली दिसतात. माझ्या दोन्ही तंतूंच्या कडांवर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे, समोरासमोर दोन बारीक उंचवटे होते. तेच आधी एकमेकांना टेकत आणि त्यांच्या मागेपुढे फट राहून जाई. हवा निसटत होती ती तिथून. माझी पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा माझा सा. त्या मध्य षड्जावर हे तंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आदळतात आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट.

वाचोपचारतज्ज्ञांनी मला दिवसभराच्या गाण्याचा हिशोब लिहून आणायला सांगितला, तेव्हा रियाज दीड तास आणि शिकवताना गायलेले जवळजवळ चार तास निघाले. तरुण मुलांचा वर्ग काळी एकमध्ये चाले. त्यांचा षड्ज म्हणजे माझा मंद्र मध्यम, खालच्या सप्तकातला म. तिथून खाली मला उतरता येत नसल्याने मी सगळे वरच्या सप्तकात गाऊन दाखवत असे आणि मग त्यांचा तार षड्ज माझ्या तार मध्यमावर येई. त्यातच कोणी बेसूर झाले, की त्याच्या आवाजावर आवाज चढवून स्वर दाखवण्याची मला सवय होती.

शस्त्रक्रियेची घाई नको, असे दोघांचेही मत पडले. आठवडाभर अगदी मोजके बोलणे, कुजबुजणेही बंद, खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट आणि त्यानंतर पाण्यात बुडवलेल्या नळीतून फुंकत हलका ‘ऊ’कार, असा क्रम ठरला. एक ठरलेली मैफल मला सोडावी लागली आणि त्याचे दुःख बरेच दिवस राहिले.

शिकवण्या मात्र मी बंद केल्या नाहीत. त्या आठवड्यात एका मुलीचा यमनातला निषाद नेहमीप्रमाणे उतरता लागला. पूर्वी त्या जागी मी स्वतःच गाऊन टाकले असते. त्या दिवशी नुसता हात वर केला. ती थांबली, तानपुरा ऐकत राहिली, पुन्हा निषाद लावला, तो पुन्हा कमी पडला आणि तिसऱ्या खेपेला तिने तो आपला आपण वर नेऊन षड्जाला भिडवला. दोन वर्षांत मी तिला एवढा वेळ कधी दिलाच नव्हता, हे मला फार लागले.

साडेतीन महिन्यांनी झालेल्या तपासणीत उंचवटे जवळजवळ सपाट झाले होते. आता मुलांच्या वर्गात स्वर दाखवण्याचे काम त्यांच्यातलाच एक जुना विद्यार्थी करतो आणि मैफलीच्या आदल्या दिवशी मी शिकवणी ठेवत नाही. रोज सकाळी रियाजाआधी तार षड्ज अगदी हळू लावून पाहते. ज्या दिवशी आधी हवा येते, त्या दिवशी सगळे वर्ग हार्मोनियमवर होतात.