चार दिवस, दोन शहरं, एक केबिन बॅग

कार्यक्रम असा होता: पहिल्या दिवशी दुपारी उतरल्यावर दीड तासात मीटिंग, दुसऱ्या दिवशी सादरीकरण, तिसऱ्या दिवशी सकाळी छोट्या विमानाने दुसरं शहर गाठून संध्याकाळी औपचारिक जेवण, चौथ्या दिवशी शेवटची बैठक उरकून परत. दीड तासात सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहणं परवडणारं नव्हतं, म्हणून सगळं केबिन बॅगेतच बसवायचं ठरलं. मर्यादा ७ किलो.

बॅग भरताना लोक जागेचा विचार करतात, पण जागेच्या आधी वजन संपतं. रिकामी बॅगच २.३ किलोची होती. तीन किलोच्या वर जाणारी चाकांची बॅग घेतली, तर जवळजवळ निम्मी मर्यादा तिथेच गेली. त्यात तीन शर्ट (प्रत्येकी साधारण २५० ग्रॅम), एक पँट ४५०, अंतर्वस्त्रं आणि मोज्यांचे तीन जोड ४५०, रात्रीचे कपडे ४००, हलक्या चपला ३००, प्रसाधनाचा पाऊच ६००, कागदपत्रं ३०० आणि चार्जरचा पाऊच ६०० ग्रॅम. एकूण ६ किलो १५० ग्रॅम. उरलेले ८५० ग्रॅम मुद्दाम रिकामे ठेवले, कारण परतताना कॅटलॉग, नमुने, भेटवस्तू असं काहीतरी हातात येतंच. चौथा शर्ट, दुसरी पँट, ब्लेझर आणि बूट अंगावर. लॅपटॉप खांद्याच्या बॅगेत. मात्र काही विमान कंपन्या खांद्याची बॅगही त्याच ७ किलोंत मोजतात, तेव्हा तिकिटावरचा नियम आदल्या दिवशीच वाचून घ्या.

बूट एकच जोड, आणि तो पायात. दुसरा जोड म्हणजे जवळपास एक किलो, आणि तो कशासाठी आणला हे परत येईपर्यंत कळत नाही. एकाच जोडावर भागवायचं तर कपड्यांचे रंग जुळायला हवेत: दोन्ही पँट गडद, शर्ट फिके, म्हणजे कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चालतो.

शर्टांना चुण्या पडतात त्या घडीपेक्षा घर्षणाने. बॅगेत मोकळी जागा राहिली की कपडे सरकतात आणि एकमेकांवर घासतात. शर्टाचं पहिलं, तिसरं आणि शेवटचं बटण लावून घडी घालायची, प्रत्येक शर्ट पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बाजूच्या फटींत मोजे कोंबायचे. टीशर्ट, रात्रीचे कपडे खुशाल गुंडाळा, पण कडक कॉलरचा शर्ट गुंडाळू नका. ब्लेझर काढून ठेवावा लागला तर त्याचा एक खांदा उलटा करायचा, दुसरा खांदा त्याच्या आत सरकवायचा, म्हणजे अस्तर बाहेर येतं. मग उभी घडी घालून तो कपड्यांच्या मऊ गुंडाळीभोवती कमरेपाशी वळवायचा. तीक्ष्ण घडी पडतच नाही.

सुरक्षा तपासणीत टूथपेस्ट अडकली. ट्यूब १५० मिलिलिटरची होती, आत पेस्ट निम्मीच, पण तपासणीत बाटलीची क्षमता बघतात, आतला ऐवज नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव आणि जेल १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम २००६ पासूनचा. नवे स्कॅनर आलेल्या काही विमानतळांवर तो सैल झालाय, पण परतीच्या विमानतळावर तो असू शकतो. साबणाची वडी आणि घट्ट डिओडरंट घेतलं की पिशवी अर्धी रिकामी होते.

या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा तिसऱ्या दिवशीच्या छोट्या विमानाच्या दारात मिळाला. वरचे कप्पे लहान, त्यामुळे केबिन बॅगा दारातच टॅग लावून खाली सामानाच्या भागात पाठवल्या. अशा वेळी पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या काढून घ्याव्याच लागतात. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये कर्मचारी ती विझवू शकतात, खाली कुणाचा हात पोचत नाही. म्हणून चार्जरचा पाऊच कायम बॅगेच्या सगळ्यात वर, चेन उघडली की हाताला लागेल असा. त्यातच औषधं आणि सादरीकरणाचा पेन ड्राइव्ह. तो पाऊच काढायला पाच सेकंद लागतात. तळाशी असेल तर रांगेसमोर सगळे कपडे उपसावे लागतात.

पॉवर बँक १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) सहसा विनापरवानगी चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते. हिशेब सोपा: एमएएच, म्हणजे बँकेवर छापलेला क्षमतेचा आकडा, गुणिले ३.७, भागिले १,०००. म्हणजे २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवर. बँकेवरचा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत ती काढून ठेवतात, तेव्हा छापील आकडा स्पष्ट असलेलीच न्या.

खाली गेलेली बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्याआधी तक्रारीची लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत करायची असते.

सादरीकरणाच्या खोलीत फक्त एचडीएमआयची केबल होती, लॅपटॉपला यूएसबी-सी. दोन्ही जोडणारा अडॅप्टर सोबत होता म्हणून निभावलं. तरीही यजमानांच्या संगणकावर फाइल उघडायची वेळ येऊ शकते, आणि तिथे तुमचा देवनागरी फाँट नसेल तर अक्षरं मोडतात, ओळी पानाबाहेर जातात. पीडीएफ प्रत बरोबर ठेवा. हलती चित्रं जातील, मजकूर जागच्या जागी राहील.

दुसऱ्या रात्री एक शर्ट धुतला. पिळायचा नाही, कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट घट्ट गुंडाळायचा आणि गुंडाळीवर गुडघ्याने दाब द्यायचा, बरंचसं पाणी टॉवेल शोषतो. मग हँगरवर लावून खोलीत, एसीच्या झोताजवळ. बाथरूममध्ये टांगला तर दमट हवेत सकाळपर्यंत ओलाच राहतो.

पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने आणि उजेडाने फिकी होतात, प्लास्टिकच्या पाकिटात तर आणखी लवकर. फोटोच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, शेवटी खर्चाचा प्रकार टाकला की फाइली आपोआप क्रमाने लागतात.

परत आल्यावर चार्जरचा पाऊच रिकामा करू नका. घरासाठी वेगळा चार्जर ठेवा आणि हा पाऊच भरलेलाच बॅगेत राहू द्या. प्रसाधनाच्या बाटल्या मात्र त्याच संध्याकाळी भरून टाका.